रजिस्टरातला चौथा रकाना

आमच्या गावचा दवाखाना बायकांनी वाचवला असं मी म्हटलं की घरातले पुरुष अजून हसतात. हसा बाप्पा. तुमच्यातल्या अर्ध्यांचा तेव्हा जन्म नव्हता आणि उरलेले अर्धे पारावर विड्या ओढत बसले होते. मी तिथं होते, पोटात सात महिन्यांचं लेकरू घेऊन होते, म्हणून सांगायचा हक्क माझा.

गाव रोहिणखेडच्या खालच्या अंगाला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. मोठे हुकूम नागपूरहून निघायचे, बारके बुलढाण्याहून, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर हुकूम नेमका कोणाचा हेच कोणाला ठाऊक नसायचं. आम्ही सगळ्यालाच ‘बोर्ड’ म्हणायचो. रस्ता बोर्डाचा, शाळा बोर्डाची, शाळेचं उडालेलं छप्पर बोर्डाचं. दवाखानाही बोर्डाचाच. दोन खोल्या, पुढं ओटा, एक कंपाउंडर आणि एक नर्सबाई. डॉक्टर मलकापूरहून बाजाराच्या दिवशी यायचे, दोन तास बसायचे आणि परतीची गाडी जुंपायला सांगायचे. बाकी सहा दिवस गावाचा जीव कंपाउंडरच्या तीन मोठ्या बाटल्यांत होता. लाल औषध खोकल्याचं, पांढरं पोटाचं आणि कडू तापाचं. बाटली घरून न्यायची, त्यावर तो कागदाच्या खुणा चिकटवून द्यायचा. एक खूण एक वेळ.

पण माझा जीव त्या बाटल्यांत नव्हता, तो नर्सबाईत होता. नर्सबाई अमरावतीला शिकून आलेली, उंच, सावळी, हाताला कायम फिनेलचा वास. ती गावात यायच्या आदल्या साली माझं पहिलं बाळंतपण घरी झालं होतं. दीड दिवस चाललं. पोरगा झाला आणि रडला नाही. मला त्याचं तोंडही बघू दिलं नाही कोणी. पहिलं म्हणून असंच असते बाई, म्हणाल्या सगळ्या. मी वरून मान हलवली आणि आतून वर्षभर जळत राहिले. दुसऱ्या खेपेला दिवस गेले तशी मी कोणाला न विचारता नर्सबाईकडे गेले. तिनं पोट तपासलं, मागचं सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की यावेळी घरी थांबायचं नाही, कळा सुरू झाल्या की सरळ इकडं यायचं, ती आहे तोवर घाबरायचं कारण नाही. ‘ती आहे तोवर’ एवढे तीन शब्द मी घरी घेऊन आले आणि त्यांच्यावर दिवस काढू लागले.

आता कंपाउंडर. माणूस पुण्याकडचा, वाईट नव्हता, पण नियमाचा फार पक्का. आम्ही ‘मले’, ‘तुले’ म्हटलं की त्याच्या भुवया टोपीत जायच्या. त्याच्याकडे बोर्डाचं रजिस्टर होतं आणि त्यात रकाने होते. पहिल्यात आकडा, दुसऱ्यात रोग्याचं नाव, तिसऱ्यात वय, आणि चौथ्यात ‘बापाचे अथवा नवऱ्याचे नाव’. पुढं रोग, औषध, काय काय. सगळा घोळ त्या चौथ्या रकान्यानं केला.

कारण लग्न झालेल्या बाईला बापाचं नाव चालत नाही म्हणून तो विचारायचा, नवऱ्याचं नाव सांगा. आणि बाई कशी सांगणार? नवऱ्याचं नाव तोंडानं काढलं की त्याचं आयुष्य कमी होतं हे आम्हाला पाळण्यातच शिकवलेलं. मग ती पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळायची. फार झालं तर आडवाटेनं सांगायची. त्याइचं नाव? चवथीले ज्याची पूजा करतेत तो देव. किंवा, सोमवारी ज्याले बेल वाहतेत तो देव. आमच्या गावचा माणूस असता तर त्यानं झटकन ओळखलं असतं. पण हा पुण्याचा, टाक हातात धरून म्हणायचा, बाई, मी इथं कोडी सोडवायला बसलेलो नाही. औषध मात्र द्यायचा. माणुसकी होती. पण अर्धवट ओळ तो लिहायचा नाही, आणि चौथा रकाना रिकामा म्हणजे ओळ अर्धवट. बाई आली, तपासली, बाटली भरून घरी गेली, बरीसुद्धा झाली, आणि रजिस्टरात ती आलीच नाही.

हे दोन वर्षं चाललं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते नदीपलीकडच्या गावच्या मेंबरच्या. हे गृहस्थ बोर्डाचे मेंबर, चिरेबंदी वाड्याचे धनी, पागोट्याला नेहमी कडक इस्त्री. त्यांना दवाखाना आपल्या गावात, आपल्या वाड्याच्या समोर हवा होता. त्यांनी रजिस्टर मागवलं, पाहिलं, आणि बोर्डात उभे राहून सांगितलं की या गावात रोगीच नाहीत, बायका तर जवळजवळ येतच नाहीत, तेव्हा दवाखाना आणि नर्स नदीपलीकडं हलवावी. वर हेही विचारलं की रोगी नाहीत तर दर महिन्याला औषधाची बाटली रिकामी कशी होते, औषध पितं तरी कोण? तो प्रश्न ऐकून कंपाउंडरचं तोंड पांढऱ्या औषधासारखं झालं. त्याची नोकरीच त्यात अडकली.

ही बातमी आमच्या घरात मास्तरांनी आणली. मास्तर म्हणजे आमचे हे. गावच्या शाळेत शिकवायचे, घरची थोडी शेती भावाकडे होती. स्वभावानं इतके गरीब की वर्गातल्या पोरांनाही ‘बसता का’ असं विचारायचे. त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि हळूच सांगितलं की पावसाळ्याआधी दवाखाना जाणार.

मी भाकर थापत होते. हात तसाच राहिला. माझे दिवस आषाढात भरणार होते, आणि आषाढात आमची नदी कोणाला ओलांडू देत नाही. दोन्ही काठ भरून वाहते आणि नावाड्यालासुद्धा वाटेला लावते. नर्सबाई पलीकडं आणि मी अलीकडं. मी रडले नाही. मला राग आला की रडू येत नाही, आणि मला तेव्हा फार राग आला.

गावातल्या पुरुषांनी जे करायचं ते केलं, म्हणजे अर्ज केला. मास्तरांच्या वळणदार अक्षरात, खाली सह्या, अंगठे, पाटलांचा शिक्का. बायकांची गरज, नदीचा अडथळा, मायबाप सरकार, सगळं त्यात होतं. बायकांचं नाव होतं, एका बाईचा अंगठा मात्र नव्हता. अर्ज गेला. उत्तर आलं की अर्ज मिळाला. त्यावर पुरुष इतके खूश झाले की पुढं काही करायचं राहूनच गेलं.

मग मी माझी अक्कल चालवली, आणि ती कशी चालली ते सांगायला आज लाज वाटते. विहिरीवर मी बायकांना सांगितलं, आपल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ना, मग शेजारणीच्या नवऱ्याचं नाव शेजारणीनं सांगावं. जोडीजोडीनं जाऊ. सगळ्यांना पटलं. पण आमचं गाव एका भावकीचं. शेजारणीचा नवरा म्हणजे कोणाचा जेठ, कोणाचा चुलतसासरा, कोणाचा मामेसासरा. त्यांचीही नावं घ्यायची नाहीत. नर्सबाईच्या दारात पोचेस्तोवर हे बायकांच्या लक्षात आलं. मग अख्ख्या गावात सगळ्यांना घेता येईल असं नाव कोणाचं? फक्त पाटलांचं. ते दुसऱ्या कुळातले, आमच्या कोणाचेच कोणी नाहीत.

कंपाउंडरनं विचारलं, नवऱ्याचं नाव. पहिली म्हणाली, पाटील, आणि नाव सांगितलं. तिला सांगायचं होतं की पाटलाच्या गल्लीतली. त्यानं इमानदारीनं लिहिलं. दुसरीनंही तेच सांगितलं, तिसरीनंही तेच. त्या माणसानं एकदा मान वर करून पाहिलं नाही. संध्याकाळी मास्तरांनी रजिस्टर पाहिलं तेव्हा त्यात पाटलांच्या अकरा बायका झाल्या होत्या. त्यात पाटलांच्या शेतावरची एक म्हातारी होती आणि एक मी.

पाटील आठ दिवस मिशीला पीळ देत फिरले. पाटलीणबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि मेंबरनं ते रजिस्टर पुढल्या बैठकीत वाचून दाखवलं. म्हणाले म्हणे, या गावात एकटा पाटील अकरा बायका घेऊन आजारी पडतो, बाकी सगळं गाव ठणठणीत आहे. अख्खं बोर्ड खदखदून हसलं. हलवायचं जवळजवळ ठरलंच. फक्त जिल्ह्याचे मोठे डॉक्टर एकदा जागेवर येऊन बघतील, दवाखान्यात खरंच कोण येतं ते, आणि मग शेवटचा शब्द. तो दिवस वैशाखात धरला.

इतकी मान खाली मी आयुष्यात घातली नव्हती. घरात सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण भाकरी वाढताना ‘पाटलीणबाई, अजून अर्धी?’ असं विचारायच्या. हे त्यांचं बोलणं नव्हे तर काय?

मला वर काढलं ते पाटलीणबाईंच्या चैत्रातल्या हळदीकुंकवानं. त्यांनी गावातल्या सगळ्या सवाष्णींना बोलावलं होतं, आणि कशाकरता ते मला आल्या आल्याच कळलं. कैरीची डाळ हातात पडायच्या आत त्यांनी पाटलांचं नाव उखाण्यात घेतलं. मग पन्हं देताना पुन्हा. मग ओटी भरताना तिसऱ्यांदा, आणि तिन्ही वेळा माझ्या डोळ्यांत बघून. हक्काची बायको कोण याचा निकाल लागला. मग बाकीच्यांना आग्रह सुरू झाला, घ्या व बाई नाव, घ्या. आणि ज्या बायका कंपाउंडरपुढं भिंतीला चिकटायच्या, त्या एकीमागून एक, मोकळ्या गळ्यानं, आपापल्या नवऱ्यांची नावं घेऊ लागल्या. कोणी लाजली नाही. कोणाचा नवरा मेला नाही.

मी डाळीचा घास तसाच गिळला. नाव सांगायचं नाही हे खरं, पण नाव घ्यायला कोणी कधी अडवलंय? तीच तीन अक्षरं. यमकात बसवली की सौभाग्य, सरळ सांगितली की पाप. एवढी साधी गोष्ट आणि मी पाटलांच्या अकरा बायका करून बसले होते.

मी तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं की दवाखान्यातही नाव उखाण्यातच घेऊ. मग पाटलीणबाई हसल्या, आणि त्या हसल्या म्हटल्यावर सगळ्या हसल्या. फक्त कोपऱ्यात बसलेली एक बाई हसली नाही. ही पाटलांची धाकटी बहीण. आणि ती कोणाची बायको होती माहीत आहे? त्याच मेंबरची. दर महिन्याला दमणीत, म्हणजे झाकल्या बैलगाडीत बसून, पडदे सोडून माहेरी यायची. कारण डोकेदुखी. दवाखाना सुरू झाल्याच्या महिन्यापासून तिचं डोकं दुखायला लागलं होतं. नर्सबाईकडून पुडी घ्यायची, आठ दिवस भावाकडे राहायची, आणि परत जाताना डोकं पुन्हा दुखायची सोय करून जायची. सगळं गाव हे जाणून होतं, नवरा सोडून.

जाताना तिनं मला खांबाआड ओढलं. डोळे भरलेले. म्हणाली, “दवाखाना माह्या दारात आला तं मले इकडं कोन येऊ देईन व? डोकं दुखलं तं म्हंतीन, समोरच हाय, जाय.”

मी तिला सांगितलं की तुझं दुःख मला कळतं, पण तू त्या दिवशी त्या बाजूला फिरकूसुद्धा नकोस. तुझं घर मोडायचं आणि पाप माझ्या माथी यायचं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि मान हलवली. ती मान होकाराची का नकाराची हे मी बघायला हवं होतं.

पुढचा महिना गावात काय चाललं होतं म्हणून सांगू! जात्यावर उखाणे, विहिरीवर उखाणे, सरकी निवडताना उखाणे. हळदीकुंकवातले जुने चालणार नव्हते. डॉक्टरपुढं घ्यायचं म्हणजे दवाखान्याला धरूनच हवं. मास्तर रात्री वही तपासत बसले की मी त्यांना विचारायचे, त्या तापाच्या कडू कुनैनला यमक सांगता का. ते टोपी काढून डोकं खाजवायचे. त्यांना एकच काळजी होती, त्यांचं नाव कशाच्या शेजारी बसणार आहे. मी सांगितलं नाही.

तो दिवस आला. सकाळी आठला मोठे डॉक्टर मोटारीनं नदीपर्यंत आणि पुढं दमणीनं आले. परप्रांतातले होते, हिंदुस्थानी बोलायचे, डोक्यावर हॅट. बरोबर मेंबर, पागोटं इस्त्रीचं. कंपाउंडर ओट्यावर रजिस्टर उघडून बसलेला, टाक शाईत बुडवून, जणू त्याचीच परीक्षा. आणि ओट्याखाली, भिंतीच्या सावलीत, हातात बाटल्या घेऊन आम्ही. किती होतो मी मोजलं नाही. पण सावली पुरली नाही, अर्ध्या उन्हात होत्या. विधवा बायका सगळ्यांत पुढं. त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, लेकाचं नाव सांगायचं, आणि त्यांनी ते खणखणीत सांगितलं.

मग सासूबाई. त्यांना पुढं मीच केलं होतं. ‘अर्धी भाकरी’चा हिशेब चुकता करायचा होता. कंपाउंडरनं विचारलं, नवऱ्याचं नाव. सासूबाईंनी पदर सारखा केला, बाटली छातीशी धरली आणि म्हटलं,

“कडू कडू कुनैन, वर गुयाचा खडा,
…चं नाव घेते, तापा, आता तरी मले सोडा.”

त्या मोकळ्या जागी सासऱ्यांचं नाव होतं. मी ते इथं लिहिणार नाही, मला सुनेला ते घेता येत नाही. कंपाउंडर टाक धरून तसाच. मग त्या नियमाच्या माणसानं काय केलं, ऐका. नाव सांगितलं तर रोगी सांगेल तसंच्या तसं लिहायचं असा नियम होता. त्यानं अख्खा उखाणा चौथ्या रकान्यात लिहिला. कुनैन, गूळ, सगळं. रकाना पुरला नाही तेव्हा पाचव्यात गेला, रोगाच्या जागी.

दुसरी आली, तिसरी आली. कोणाच्या उखाण्यात लाल औषध, कोणाच्या उखाण्यात नर्सबाईच्या हातचा गुण. मोठे डॉक्टर आधी घड्याळ बघत होते. मग हॅट काढून बसले. मग मेंबरला विचारलं की ही गाणी कसली चालली आहेत. मेंबर म्हणाले, अडाणी बायका आहेत साहेब, तमाशा करून राहिल्या. हे माझ्या कानावर पडलं तेव्हा माझाच नंबर होता. मी घरून दुसराच उखाणा पाठ करून आणला होता, नवऱ्याला शोभेल असा, विद्येचा आणि शाळेचा. तो तिथंच विसरले. म्हटलं,

“कपाशीच्या झाडाले फुटलं पांढरं बोंड,
…चं नाव घेते, मेंबरानं झाकावं तोंड.”

मास्तर ओट्यापाशीच होते. बिचाऱ्यांचं नाव मेंबरच्या तोंडाशेजारी बसलं. ते पांढरे पडले. पण मोठ्या डॉक्टरांनी अर्थ विचारला तेव्हा सांगायला तेच पुढं झाले, आणि त्या गरीब माणसानं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. बायका नाव का सांगत नाहीत, औषध घेऊन गेलेल्या बायका रजिस्टरात का नाहीत, अकरा बायका कशा झाल्या, आणि बोंडाचंसुद्धा. डॉक्टर ऐकत होते. मग म्हणाले की त्यांच्या आईनं पन्नास वर्षांत त्यांच्या वडिलांचं नाव घेतलं नाही, तिचीही ओळ या रजिस्टरात अर्धवटच राहिली असती.

मेंबर गप्प बसणारे नव्हते. म्हणाले, या सगळ्या याच गावच्या. नदीपलीकडून इथं कोणी येतं का? एक तरी बाई दाखवा.

तेवढ्यात पाटलांच्या वाड्याकडून दमणी आली. पडदे सोडलेले. मी ती दमणी ओळखली. ती उतरली, डोईवरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, आणि रांगेत न थांबता सरळ ओट्यापाशी गेली. कंपाउंडरनं सवयीनं विचारलं, गाव? तिनं नदीपलीकडचं गाव सांगितलं. नवऱ्याचं नाव?

“सासरी वाडा चिरेबंदी, माहेरी दवाखाना,
…रावायचं नाव घेते, याले इथंच राहू द्या ना.”

नाव ऐकून कंपाउंडरनं टाक ठेवला आणि मेंबरकडं पाहिलं. मोठ्या डॉक्टरांनी मेंबरकडं पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. मेंबरनी उपरण्यानं घाम पुसला, आणि उपरणं तोंडावरच राहिलं. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, झाकलं व मायबाई, झाकलं.

पुढं त्या नवराबायकोत काय झालं ते मी बरेच दिवस भीतभीत विचारत होते. काही झालं नाही. मेंबरनी तिला एवढंच विचारलं म्हणे की दर महिन्याला डोकं खरंच दुखते का. ती म्हणाली, हाव, तुमच्या घरी असली की दुखते. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी रजिस्टर सोबत नेलं. बोर्डात ते वाचलं गेलं, आणि बोर्ड पुन्हा हसलं, यावेळी दुसऱ्या बाजूनं. दवाखाना राहिला, नर्सबाई राहिली. चौथा रकाना रिकामा ठेवला तरी ओळ पुरी धरावी असा हुकूम आला. हुकूम आल्यावर बायका थोड्या हिरमुसल्याच. काहींचे उखाणे घ्यायचे राहिले होते. त्या कंपाउंडरला आपणहून म्हणायच्या, विचारा ना हो नाव. आणि तो माणूस, सांगते, विचारायचा.

आषाढात नदी दोन्ही काठांनी भरली आणि मला कळा सुरू झाल्या. सकाळी चालत दवाखान्यात गेले. दुपार झाली तरी सुटका नाही. मूल आडवं होतं, ते आधी बाहेरून चोळून वळवावं लागलं. नर्सबाई शांतपणे सांगत होती, आता जोर दे, आता थांब, पण तिच्या कपाळावर घाम होता आणि तो मी पाहिला. हळूहळू मला झोप यायला लागली. कळा दूर कुठं शेजारच्या घरात चालल्यासारख्या वाटायला लागल्या. मला बरं वाटत होतं, हेच वाईट होतं. नर्सबाई मला गालावर मारत होती. मग तिनं दार अर्धं उघडलं आणि बाहेरच्या ओट्यावर बसलेल्या मास्तरांना सांगितलं, “तिला हाक मारा. नावानं मारा. झोपू देऊ नका.”

बाहेरून काहीच ऐकू येईना. आमच्यात नवरे तरी कुठं बायकोला नावानं बोलावतात? आठ वर्षांच्या संसारात मास्तरांनी मला ‘आयकलं का’ शिवाय दुसरी हाक मारलेली नव्हती. लग्नात त्यांच्या घरच्यांनी तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं, तेही कोणी वापरलं नाही. मी मास्तरीण होते, सून होते, वहिनी होते. नर्सबाई पुन्हा ओरडली. मी बुडत होते आणि तो माणूस दारापाशी उभा, तोंड उघडून, आवाज नाही.

आणि मग हाक आली. ते नाव सासरचं नव्हतं. माझ्या माहेरचं होतं, बापानं ठेवलेलं. लग्नाच्या दिवशी पाठवणी करताना माझी आई ते घेऊन रडली होती, त्यानंतर या गावात ते कोणी ऐकलेलं नव्हतं. मास्तर ते नाव घेऊन मला हाका मारत होते, एकामागून एक, वर्गात हजेरी घेतल्यासारख्या नाही, तर शेतात हरवलेल्या माणसाला मारतात तशा, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा. मला वाटलं मी घरी आहे, अंगणात, आणि कोणीतरी बोलावतंय. मी ‘ओ’ दिली.

नर्सबाई म्हणाली, दिलीस ना ओ, आता जोर दे.

पोरगी झाली, आणि ती रडली. देवा, किती रडली. मी ते रडणं ऐकत पडले होते आणि मी पण रडत होते. पहिल्यासाठी सुद्धा तेव्हाच रडले.

नंतर मी त्यांना विचारलं, माझं माहेरचं नाव तुमच्या ध्यानात कसं? ते म्हणाले, कोणतं नाव, मी कुठं काय बोललो, ओट्यावर दुसरं कोणी असेल. एवढा खोटं न बोलणारा माणूस! त्यानंतर मी पुष्कळ वर्षं मुद्दाम ऐकू येत नसल्याचं सोंग केलं. ते अंगणातून ‘आयकलं का’ म्हणायचे, मी चुलीपाशी गप्प. पुन्हा म्हणायचे, मी गप्पच. मग ते खाकरायचे, दार वाजवायचे, शेवटी स्वतः आत येऊन समोर उभे राहायचे आणि मी ‘काय?’ म्हणून विचारायचे. ते म्हणायचे, काही नाही, पाणी. पण नाव पुन्हा घेतलं नाही ते नाहीच. मला एकदा ऐकलेलं पुरलं.